'सुरेख'मधली नावं

या स्मरणिकेच्या शेवटी दिलेली माजी विद्यार्थ्यांची यादी शाळेच्या कपाटातून आलेली नाही. ती आली आपल्या मराठीच्या सरांच्या जुन्या थिंकपॅड लॅपटॉपमधून. ती परत कशी मिळाली ते लिहून ठेव, असं समितीने सांगितलं, म्हणून हा लेख.

सर 2001 साली निवृत्त झाले. त्याच वर्षी राज्यात एमएस-सीआयटी सुरू झालं. सरांनी तो कोर्स केला, मुलाने वापरून सोडलेला लॅपटॉप घेतला आणि दाखल-खारीज रजिस्टरवरून वह्यांत उतरवून ठेवलेली नावं टाइप करायला बसले. सुरुवात 1975 पासून, कारण दहावीची पहिली बोर्ड परीक्षा त्या साली झाली; त्याआधी अकरावीची मॅट्रिक होती. गोंदिया 1 मे 1999 ला वेगळा जिल्हा झाला, पण सरांच्या यादीत तिरोडा आणि अर्जुनी मोरगाव शेवटपर्यंत 'जि. भंडारा'च आहेत!

पुढे शाळेतली जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्ली. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगा शहरात शिरली, तेव्हा सरांच्या वह्यांचा लगदा झाला. लॅपटॉप माळ्यावर होता म्हणून वाचला. गेल्या दिवाळीत सर म्हणाले, "पोरी, भंगारवाल्याला देऊन टाकू का हे?"

अशा यंत्राला लगेच वीज जोडायची नसते. आधी हार्ड डिस्क काढली. ती जुन्या 44 पिनांची. जोडणी विकत आणून तिची जशीच्या तशी नक्कल माझ्या संगणकावर घेतली. डिस्क फिरताना जात्यासारखी घरघरत होती, पण फिरली. मग चार्जरचे 16 व्होल्ट मीटरवर मोजले, घड्याळाचा मेलेला सेल बदलला, पंख्यातली धूळ काढली. मोठी बॅटरी संपलीच होती, ती तशीच राहू दिली. विंडोज 98 सुरू झालं. पडद्यामागचा दिवा म्हातारा झाल्यामुळे सगळं गुलाबी दिसत होतं.

फाइल मिळाली, पण आजच्या संगणकावर तिच्यात मराठी नव्हतीच. नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. याचं कारण मराठीच्या संगणकीय इतिहासात आहे.

आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' तंत्रज्ञान उभं केलं. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि ते काम तिकडे गेलं. सी-डॅकचे प्रमुख विजय भटकर आपल्याच विदर्भातले, अकोला जिल्ह्यातले. 1991 मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक ठरलं. त्यात प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक होता. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या देवनागरीचा पायाही इस्कीच होता. पण साध्या विंडोजला देवनागरी कळायला विंडोज 2000 यावं लागलं. तोवर सी-डॅकच्याच आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरनी दुसरी वाट काढली: इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकारांचे तुकडे बसवायचे. अर्धा क वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा. सरांचा 'सुरेख' हा असाच फॉन्ट. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर भुताटकी. मला विचाराल तर त्या काळी दुसरा इलाज नव्हता, पण महाराष्ट्रातली किती कागदपत्रं यात अडकून पडली असतील या विचाराने धडकी भरते.

लॅपटॉपवर 'सुरेख' होता, म्हणून यादी डोळ्यांनी वाचता आली आणि तुकड्यांचा तक्ता पडताळता आला. असे तक्ते हौशी मराठी मंडळींनी आधीच केले आहेत. मात्र क्रम उलटा असतो. 'सुरेख'मध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, रफार नंतर; युनिकोडमध्ये बरोबर उलट. त्यात आपल्या जिल्ह्याला रफाराची आडनावं कमी नाहीत: धुर्वे, भुर्रे, निंबार्ते. एकट्या 'निंबार्ते'त दोन्ही अडचणी. प्रत्येक वर्षाची पानं मी दोन्ही पडद्यांवर शेजारी ठेवून तपासली.

तेव्हा शेवटचा रकाना दिसला. शाळा मधूनच सोडलेल्यांची नावंही सरांनी गाळली नव्हती. दाखल्यावर सगळ्यांचं कारण एकच असायचं: 'पालकाच्या इच्छेवरून'. सरांनी त्यापुढे खरं कारण लिहिलं होतं. रोवणीला जाते. बिड्या वळते. लग्न, वय 15. बाप वारला. आठवी-नववीतल्या मुलींच्या नावांपुढे हे जास्त. आपल्याच बॅचच्या त्या बाकांवरच्या पाच जणी त्यात सापडल्या.

तो रकाना इथे छापलेला नाही. तो ज्याचा त्याचा आहे. नावं मात्र सगळी छापली आहेत आणि या वेळची बोलावणीही दहावी पास-नापास न पाहता गेली आहेत. पाचपैकी तिघींचे पत्ते लागले. उरलेल्या दोघींपैकी एक लग्न होऊन साकोलीकडे गेली, एवढंच सरांना आठवतं. कोणाला माहीत असेल तर समितीला कळवा.