मिडवाइफची फी कोण भरतं? बाळंतपणाचा खर्च ठरवणारा खरा प्रश्न

गरोदरपणापासून बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत एकच ओळखीची मिडवाइफ सोबत. तपासणी तीच करणार, कळा सुरू झाल्यावर फोन तीच उचलणार आणि बाळंतपणानंतर घरी येऊन बाळाचं वजनही तीच घेणार. ब्रिटनमध्ये ही सेवा स्वतंत्र मिडवाइफकडून घ्यायची तर कुटुंबाला खिशातून हजारो पौंड मोजावे लागतात. न्यूझीलंडमध्ये मात्र पात्र कुटुंबांना तीच सेवा मोफत मिळते.

काम तेच, मग खर्चात इतकी तफावत का? तर मिडवाइफला पैसे कोण देतं आणि तिच्या विम्याचा भार कोण उचलतं, यावर सगळं गणित ठरतं.

स्वतंत्र मिडवाइफ म्हणजे कोण?

मिडवाइफ म्हटलं की आपल्याला गावातली सुईण किंवा दाई आठवते. दोघींमध्ये मोठा फरक आहे. सुईण अनुभवातून शिकलेली असते. मिडवाइफ हा अनेक देशांत पदवी, परवाना आणि नोंदणी असलेला व्यवसाय आहे. गुंतागुंत नसलेलं गरोदरपण आणि नैसर्गिक प्रसूती ती स्वतःच्या जबाबदारीवर हाताळते. धोका दिसला की प्रसूतितज्ज्ञाकडे पाठवते.

'स्वतंत्र' म्हणजे ती एखाद्या हॉस्पिटलच्या पगारावर नसते. वकील किंवा फॅमिली डॉक्टर जशी स्वतःची प्रॅक्टिस करतात, तशी ती करते. कुटुंब तिला निवडतं आणि शेवटपर्यंत तीच काळजी घेते.

याचा फायदा काय?

सतत एकाच मिडवाइफकडून किंवा मिडवाइफच्या एकाच छोट्या गटाकडून मिळणाऱ्या सेवेचा अभ्यास कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात झाला आहे. २०२४ मध्ये अद्ययावत झालेल्या या आढाव्यात १७ चाचण्या आणि १८,५३३ महिलांची माहिती तपासली गेली. अशी सेवा घेणाऱ्या महिलांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त आणि सिझेरियनचं प्रमाण कमी दिसलं. महिलांचा अनुभवही अधिक समाधानाचा होता. बाळंतपणापर्यंतचा आरोग्य यंत्रणेचा खर्चही कमी होण्याकडे कल दिसला.

म्हणजे यंत्रणेच्या दृष्टीने ही सेवा महाग नाही. बिल एकट्या कुटुंबाच्या हातात आलं, की ती महाग होते.

न्यूझीलंडने काय केलं?

न्यूझीलंडमध्ये १९७१ च्या कायद्यामुळे प्रत्येक बाळंतपणावर डॉक्टरची देखरेख बंधनकारक झाली होती. मिडवाइफ स्वतःच्या जबाबदारीवर काम करू शकत नव्हत्या. १९९० मध्ये हे बदललं. हेलन क्लार्क तेव्हा आरोग्यमंत्री होत्या, पुढे त्या पंतप्रधान झाल्या. त्यांच्या काळात नर्सेस कायद्यात दुरुस्ती झाली आणि मिडवाइफना डॉक्टरशिवाय काम करण्याचा अधिकार परत मिळाला.

नुसता अधिकार देऊन भागलं नसतं. महत्त्वाचं पाऊल पैशांबाबत होतं. बाळंतपणाच्या कामासाठी सरकार डॉक्टरांना ज्या दरपत्रकानुसार पैसे देत होतं, तेच दरपत्रक मिडवाइफना लागू झालं. त्यामुळे मिडवाइफ निवडणाऱ्या कुटुंबावर वेगळा बोजा पडला नाही.

यातून नवी अडचण आली. अनेकदा एकाच बाळंतपणाचे पैसे डॉक्टर आणि मिडवाइफ दोघंही घेऊ लागले आणि सरकारचा खर्च वाढला. त्यावर १९९६ मध्ये आजची पद्धत आली. गरोदर महिलेने एक 'लीड मॅटर्निटी केअरर', म्हणजे मुख्य काळजीवाहक निवडायचा. ती मिडवाइफ असेल, फॅमिली डॉक्टर असेल किंवा प्रसूतितज्ज्ञ. सरकार पैसे त्या एकाच व्यक्तीला देणार.

हे पैसे टप्प्यांनुसार मिळतात: गरोदरपणाचे टप्पे, प्रत्यक्ष प्रसूती आणि नंतरचे सहा आठवडे. प्रत्येक टप्प्याची रक्कम ठरलेली असते. प्रसूतीनंतर मिडवाइफने घरी किमान पाच भेटी देणं अपेक्षित असतं. दुर्गम भागातल्या प्रवासासाठी वेगळी रक्कम मिळते.

सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे सरकारकडून पैसे घेणारी मिडवाइफ त्याच सेवेसाठी कुटुंबाकडून वरचे पैसे घेऊ शकत नाही. खासगी प्रसूतितज्ज्ञ मात्र घेऊ शकतात. गुंतागुंत झाली तर सरकारी हॉस्पिटलमधली तज्ज्ञ सेवाही मोफत असते. आज मुख्य काळजीवाहक निवडणाऱ्या महिलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक महिला मिडवाइफलाच निवडतात.

ही सोय फक्त नागरिकांसाठी नाही. तिथे कायम वास्तव्याची परवानगी असलेल्यांना आणि दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळाचा वर्क व्हिसा असलेल्यांनाही ती मिळते. त्यामुळे नोकरीसाठी ऑकलंड किंवा वेलिंग्टनला गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांनाही तिचा उपयोग होतो. व्हिजिटर व्हिसावर असलेल्यांना साधारणपणे स्वतःचे पैसे भरावे लागतात.

मग ब्रिटनमध्ये काय बिनसलं?

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य सेवेतल्या, म्हणजे एनएचएसच्या मिडवाइफ मोफत आहेत. पण तिथे प्रत्येक भेटीत तीच मिडवाइफ असेल याची खात्री नसते. ती खात्री हवी असलेली काही कुटुंबं स्वतंत्र मिडवाइफकडे जातात आणि फी स्वतः भरतात.

इथे अडचण विम्याची झाली. बाळंतपणात चूक झाली आणि बाळाला कायमचं अपंगत्व आलं, तर आयुष्यभराच्या काळजीची भरपाई द्यावी लागते. ही रक्कम काही दशलक्ष पौंडांपर्यंत जाते. स्वतंत्र मिडवाइफची संख्या कमी आणि जोखमीची रक्कम प्रचंड, त्यामुळे विमा कंपन्यांना हा धंदा परवडेना.

२०१४ मध्ये आरोग्य क्षेत्रातल्या नोंदणीकृत व्यावसायिकांना भरपाईचं संरक्षण असणं कायद्याने बंधनकारक झालं. त्यानंतर जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या नर्सिंग आणि मिडवाइफरी नियामक संस्थेने निर्णय दिला, की स्वतंत्र मिडवाइफच्या संघटनेची विमा योजना अपुरी आहे. सुमारे ८० मिडवाइफना या निर्णयाचा फटका बसला. या योजनेच्या भरवशावर त्यांना प्रसूती करता येईना. त्यांना निवडलेल्या गरोदर महिलांनाही ऐनवेळी दुसरी सोय शोधावी लागली.

जर्मनीत मिडवाइफची फी सरकारमान्य आरोग्य विमा भरतो, त्यामुळे कुटुंबाला चिंता नसते. तरीही स्वतंत्रपणे प्रसूती करणाऱ्या मिडवाइफचा स्वतःचा विमा हप्ता वाढत वाढत वर्षाला ६ हजार युरोंच्या वर गेला. अनेकींनी प्रसूतीचं काम सोडून फक्त आधीची आणि नंतरची तपासणी सुरू ठेवली. शेवटी २०१५ पासून या हप्त्याचा काही भार आरोग्य विमा संस्थांनी उचलायला सुरुवात केली.

न्यूझीलंडमध्ये हे संकट या रूपात आलंच नाही. तिथे १९७४ पासून अपघात भरपाईची सार्वजनिक योजना आहे. उपचारातून इजा झाली तर कोर्टात चूक सिद्ध न करता भरपाई मिळते. त्यामुळे मिडवाइफच्या डोक्यावर कोट्यवधींच्या दाव्याची टांगती तलवार नसते.

पैसे देण्याच्या आणखी दोन पद्धती

नेदरलँड्समध्ये मिडवाइफची सेवा सक्तीच्या मूलभूत आरोग्य विम्यात येते. तिथे बऱ्याच उपचारांसाठी वर्षाची सुरुवातीची ठराविक रक्कम रुग्णाला भरावी लागते, पण मिडवाइफच्या सेवेला त्यातून सूट आहे. वैद्यकीय गरज नसताना हॉस्पिटलमध्ये प्रसूती हवी असेल, तर मात्र काही खर्च कुटुंबाकडे येतो.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने १९९४ पासून मिडवाइफना नोंदणी आणि सरकारी निधी एकाच वेळी दिला. तिथे राहणाऱ्या पण प्रांताच्या आरोग्य विम्याचं कार्ड नसलेल्या महिलांनाही मिडवाइफची सेवा मोफत मिळते. नव्याने स्थलांतरित झालेल्या कुटुंबांसाठी हा मोठा आधार ठरतो.

मोफत सेवेची किंमत कोण चुकवतं?

कुटुंबासाठी सेवा मोफत असली, तरी तिची किंमत कुठेतरी चुकवावी लागतेच. बऱ्याचदा ती मिडवाइफ चुकवते.

न्यूझीलंडच्या मिडवाइफ संघटनेने २०१५ मध्ये सरकारविरोधात हायकोर्टात धाव घेतली. हा व्यवसाय जवळपास पूर्णपणे महिलांचा आहे म्हणूनच मोबदला कमी दिला जातो, असा त्यांचा दावा होता. २०१७ मध्ये सरकारशी तडजोड झाली, पण मोबदल्याचा वाद तिथे संपला नाही. ओंटारिओतही २०१३ मध्ये मिडवाइफनी मानवाधिकार न्यायाधिकरणात तक्रार केली. २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०२२ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने तो कायम ठेवला.

हा फक्त पगाराचा वाद नाही. दिवसरात्र फोनवर उपलब्ध राहायचं, गाडी आणि पेट्रोल स्वतःचं, शिवाय सुट्टीत बदली मिडवाइफची सोयही बघायची. एवढं करून हातात पुरेसं उरलं नाही, तर मिडवाइफ काम सोडतात. मग कागदावर सेवा मोफत, पण ग्रामीण भागात मिडवाइफच मिळत नाही, अशी वेळ येते.

भारतात स्थिती काय?

भारतात जीएनएम झालेल्या नर्सची नोंदणी 'नर्स आणि मिडवाइफ' अशीच होते. पण मिडवाइफ हा वेगळा, स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहिला नाही. तेलंगणाने २०१७ मध्ये नर्सना खास मिडवाइफरी प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यानुसार नोंदणीकृत नर्सला १८ महिन्यांचं प्रशिक्षण देऊन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' तयार केलं जातं. सरकारी हॉस्पिटलांमध्येच मिडवाइफच्या देखरेखीखालचे प्रसूती कक्ष असावेत, अशी ही योजना आहे. म्हणजे भारताचा मार्ग स्वतंत्र प्रॅक्टिसचा नसून सरकारी नोकरीतल्या मिडवाइफचा आहे.

याची गरज आकड्यांतून दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यात किंवा हॉस्पिटलमध्ये होतात. सरकारी ठिकाणी सिझेरियनचं प्रमाण १४.३ टक्के आहे, खासगी ठिकाणी ते ४७.४ टक्के. महाराष्ट्रात एकूण प्रमाण २५.४ टक्के आहे. सरकारी आणि खासगी हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या महिलांची परिस्थिती वेगळी असू शकते, पण तिपटीहून जास्त फरक फक्त त्यातून समजावून सांगणं अवघड आहे.

शहरांत काही कुटुंबं आज खासगी मिडवाइफची सेवा घेतात, पण फी स्वतःच्या खिशातून भरतात. आरोग्य विम्यात प्रसूती असली तरी सहसा प्रतीक्षा काळ, खर्चाची मर्यादा आणि हॉस्पिटलमध्ये दाखल होण्याची अट असते. मिडवाइफच्या घरभेटी त्यात बसणं कठीण जातं.

आज कुटुंबाच्या हातात काय आहे?

- जून २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी हॉस्पिटलमध्ये प्रसूती मोफत आहे, सिझेरियनसुद्धा. औषधं, तपासण्या, गरज पडल्यास रक्त, जेवण आणि ने-आण यांचाही त्यात समावेश आहे. तरीही पाहणीत सरकारी प्रसूतीमागे देशात सरासरी २,९१६ रुपये खिशातून गेल्याचं दिसलं. त्यामुळे पैसे मागितले तर ते कशाचे, हे विचारण्याचा हक्क कुटुंबाला आहे.
- खासगी मिडवाइफ घेताना तिची नर्सिंग कौन्सिलकडची नोंदणी, प्रसूतितज्ज्ञाशी असलेला लेखी संपर्क आणि जवळच्या हॉस्पिटलची सोय आधी तपासावी.
- ठरलेल्या फीमध्ये किती भेटी येतात आणि ऐनवेळी हॉस्पिटलमध्ये जावं लागलं तर तो खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावं.
- विमा कंपनीकडून प्रसूतीबाबतच्या अटी गरोदरपणाच्या आधीच समजून घ्याव्यात. नंतर घेतलेली पॉलिसी बहुतेक वेळा उपयोगी पडत नाही.

न्यूझीलंडने मिडवाइफला आधी अधिकार, मग सरकारी दर आणि शेवटी एकाच व्यक्तीला पैसे देण्याची पद्धत दिली. भरपाईची सार्वजनिक योजना तिथे आधीपासून होतीच. भारतात सध्या प्रशिक्षणाची सुरुवात झाली आहे. खासगी मिडवाइफच्या फीला विमा किंवा सरकारी निधीची जोड मिळेपर्यंत ही सेवा ज्यांच्या खिशाला परवडते त्यांच्यापुरतीच राहील.