प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्यये (इंग्रजी)

समान दर्जाची दोन किंवा अधिक वाक्ये जोडून संयुक्त वाक्य बनवणारी इंग्रजीतील अव्यये. शालेय पुस्तकांत ती सात दिलेली असतात : फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट आणि सो. त्यांच्या आद्याक्षरांवरून बनलेली ‘फॅनबॉइज’ ही स्मरणखूण विशेषतः अमेरिकी वर्गांत रूढ आहे.

वर्गीकरण : लिंडली मरी यांच्या इंग्रजी व्याकरणात (१७९५) उभयान्वयी अव्ययांचे संयोजक आणि वियोजक असे दोनच वर्ग आहेत, तेथे ‘इफ’ व ‘बिकॉज’ ही ‘अँड’च्याच पंक्तीत बसतात. प्रधान व गौण हा भेद पाठ्यपुस्तकांत पुढे स्थिरावला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ (१८३६) रचताना अशा इंग्रजी व्याकरणांचा आधार घेतला. मराठीत आज प्रधानत्वसूचक अव्ययांचे समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक आणि परिणामबोधक असे चार प्रकार शिकवतात.

सातांची यादी पाठांतराला सोयीची असली, तरी ती व्याकरणदृष्ट्या एकजिनसी नाही. ‘अँड सो’, ‘अँड येट’ असे जोडप्रयोग सर्रास होतात. ‘अँड बट’ किंवा ‘अँड ऑर’ होत नाहीत. म्हणजे ‘सो’ व ‘येट’ यांचे वर्तन क्रियाविशेषणाकडे झुकते. सामायिक कर्ता दुसऱ्या वाक्यात गाळता येतो का, ही दुसरी कसोटी. ‘ही केम अँड सॅट डाउन’ हे शुद्ध. ‘फॉर’नंतर मात्र कर्ता द्यावाच लागतो. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांच्या बृहद्व्याकरणात (१९८५) म्हणूनच अँड, ऑर, बट या तिघांना केंद्रस्थान आहे. ‘फॉर’चा दर्जा वादग्रस्त असून काही अभ्यासक त्याला या गटात धरत नाहीत. ‘नॉर’नंतर साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते : ‘नॉर डिड ही राइट’.

विरामचिन्हे : दोन पूर्ण वाक्यांमध्ये अव्ययापूर्वी स्वल्पविराम देतात, वाक्ये आखूड असल्यास तो गाळला तरी चालतो. अव्ययाशिवाय नुसत्या स्वल्पविरामाने वाक्ये जोडणे प्रमाण लेखनात सहसा दोष मानतात. तेथे अर्धविराम हवा. ‘हाउएव्हर’ व ‘देअरफोर’ ही क्रियाविशेषणे असल्याने त्यांच्यापूर्वीही नुसता स्वल्पविराम पुरत नाही.

वाक्यारंभी प्रयोग : ‘अँड’ किंवा ‘बट’ने वाक्य सुरू करू नये हा वर्गातला दंडक आहे, त्याला व्याकरणाचा आधार नाही. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील बहुतेक ओव्या ‘अँड’नेच सुरू होतात.

शब्दयोग : यांतील बहुतेक अव्यये शब्द व पदबंधही जोडतात.

मराठी भाषकांच्या अडचणी : मराठीत ‘जरी–तरी’ ही जोडी लागते. त्या सवयीने ‘ऑल्दो’नंतर पुन्हा ‘बट’, तसेच ‘बिकॉज’नंतर ‘सो’ येतो.  हा दोष केवळ खुणेने खोडून सुटत नाही, दोन्ही भाषांची वाक्यरचना शेजारी मांडून दाखवावी लागते. आज्ञार्थानंतरचा ‘ऑर’ही ‘किंवा’ने उलगडत नाही. ‘हरी अप, ऑर यू विल मिस द ट्रेन’ याचे मराठी ‘घाई कर, नाहीतर गाडी चुकेल’ असे होते. ‘ऑल्दो’बरोबर ‘येट’ जुन्या इंग्रजी गद्यात आढळतो. ‘बट’ मात्र प्रमाण इंग्रजीत चालत नाही.