शरदातली दिल्ली आणि फुलांचे पंखे

दिल्लीवर प्रेम जडायला शरद ऋतू हवा. उन्हाळ्यात हे शहर माणसाला भाजून काढते आणि ऐन हिवाळ्यात धुक्यात दडून बसते. पाऊस ओसरला की साधारण सप्टेंबरच्या अखेरीपासून चार-पाच आठवडे मात्र दिल्ली माणसांत येते. आभाळ धुतल्यासारखे निळे, ऊन सोसवणारे, संध्याकाळी अंगावर हलका गारवा. ऑक्टोबरात रस्त्याकडेची सातवीण फुलते आणि रात्री तिचा उग्र वास वस्त्यांमधून फिरत राहतो. काहींचे त्याने डोके दुखते, मला तो आवडतो. पहाटे पारिजातकाचा सडा, हातगाड्यांवर हिरवे शिंगाडे, मैदानांत रामलीलेचे मांडव. पुढे दिवाळीच्या आसपास धुराने शहराचा श्वास कोंडतो. त्याआधी ही दिल्ली पाहून घ्यावी.

मराठी माणसाची दिल्ली बहुधा लाल किल्ला, संसद आणि पानिपतच्या वाटेवरचा एक मुक्काम एवढीच असते. माझीही तेवढीच होती. दिल्ली म्हणजे तख्त, हा आपला जुना समज. या शहराच्या प्रेमात मी पडलो तो तख्तापासून दूर, दक्षिणेला असलेल्या मेहरौलीत.

मेहरौली ही दिल्लीच्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक. तोमर राजांचा लालकोट इथला, कुतुबमिनार इथला. सुलतान इल्तुतमिशने 1230 च्या सुमारास बांधलेला हौज-ए-शम्सी हा तलावही इथलाच. तलावाचे जादा पाणी जिथे खाली उतरत असे, त्या जागेला झरना म्हणतात. इथेच कृष्णाची बहीण मानल्या जाणाऱ्या योगमायेचे मंदिर आहे आणि तिथून पायी थोड्याच अंतरावर ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींचा दर्गा. अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचे हे शिष्य 1235 साली वारले. त्यांचे शिष्य बाबा फरीद, फरीदांचे शिष्य निजामुद्दीन औलिया आणि निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब. हे बुऱ्हानुद्दीन दख्खनेत आले आणि आपल्या खुलताबादेत चिरविश्रांती घेत आहेत. म्हणजे मराठवाड्यातल्या माणसाने खुलताबादच्या उरुसातून मागे मागे जायचे ठरवले, तर ती वाट मेहरौलीत पोहोचते.

एका आईचा नवस

याच मेहरौलीत दरवर्षी पावसाळा सरता सरता 'फूलवालों की सैर' भरते. तिची सुरुवात एका राजकीय भांडणातून झाली, आणि त्या भांडणाचा एक धागा आपल्या इतिहासाशी जुळतो.

1772 साली महादजी शिंदे यांनी बादशहा दुसरा शाह आलम याला अलाहाबादहून आणून दिल्लीच्या गादीवर बसवले. 1784 नंतर तर दिल्लीचा कारभारच महादजींच्या हाती होता. मात्र 11 सप्टेंबर 1803 रोजी यमुनेकाठी पटपडगंज इथे जनरल लेकच्या फौजेने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. बादशहा तोच राहिला, त्याला सांभाळणारे हात बदलले. आता लाल किल्ल्यावर कंपनीच्या रेसिडेंटची नजर असे. गादीचा वारस कोण, हेही तोच ठरवू लागला.

शाह आलमचा मुलगा दुसरा अकबरशहा याला आपला लाडका मुलगा मिर्झा जहांगीर वारस व्हावा असे वाटत होते. रेसिडेंट आर्चिबाल्ड सीटनने नकार दिला. तापट शहजाद्याने सीटनवर गोळी झाडली. सीटन वाचला, शहजाद्याची रवानगी अलाहाबादला झाली. त्याची आई मुमताज महल बेगम हिने मन्नत मागितली: मुलगा सुटून आला तर ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन. मुलगा परत आला. 1812 च्या सुमारास बेगम नवस फेडायला मेहरौलीला निघाली आणि तिच्यामागे सारी दिल्ली निघाली. सांगतात, फूलवाल्यांनी चादरीबरोबर आपल्या हौसेने फुलांचा एक पंखाही केला होता. बादशहाच्या इच्छेने योगमायेच्या मंदिरालाही फुले वाहिली गेली.

लोकांना ते दिवस इतके आवडले की सैर दरवर्षी भरू लागली. शहाजहानाबादेतून लोक पायी, बैलगाडीने, पालखीने पंधरा-वीस किलोमीटर येत. आमराईत झोके बांधले जात, तलावात पोहणे होई, झरन्यात उड्या पडत, पतंग उडत, कढया चढत. शहनाईच्या सुरात एक पंखा देवीकडे जाई, दुसरा ख्वाजांकडे. दोन्हींच्या मागे हिंदू-मुसलमान मिळून चालत.

मिर्झा जहांगीरचे पुढे काही चांगले झाले नाही. त्याला पुन्हा अलाहाबादला धाडले गेले आणि 1821 साली, ऐन तिशीत, दारूच्या व्यसनाने तो तिथेच मेला. निजामुद्दीन दर्ग्याच्या आवारात संगमरवरी जाळीआड त्याची कबर आहे. मुलगा वाया गेला, त्याच्या आईचा नवस मात्र शहराने आपल्याकडे ठेवून घेतला.

जफरची रिकामी जागा

अकबरशहानंतर गादीवर आलेल्या बहादुरशाह जफरचा या सैरीवर फार जीव होता. मेहरौलीत दर्ग्याला लागूनच त्याचा महाल होता. हत्ती अंबारीसह आत जाईल असा उंच दरवाजा त्याने स्वतः बांधवला. आज महाल पडझडीला आला आहे, दरवाजा उभा आहे. त्याच्याविषयी एक आठवण सांगतात. एका वर्षी काही कारणाने त्याला देवळाकडे जाणाऱ्या पंख्याबरोबर जाता आले नाही, तेव्हा दर्ग्याकडे जाणाऱ्या पंख्याबरोबरही तो गेला नाही. ज्याची सत्ता किल्ल्याच्या भिंतीपलीकडे उरली नव्हती, त्या बादशहाकडे एवढेच राज्य करायला शिल्लक होते. ते त्याने नीट केले.

आपली कबर मेहरौलीतच व्हावी अशी त्याची इच्छा होती. दर्ग्याशेजारी, बाप अकबरशहा आणि आजोबा शाह आलम यांच्या कबरींजवळ त्याने जागा राखून ठेवली होती. महादजींनी गादीवर बसवलेला शाह आलम तो हाच. ती जागा आजही रिकामी आहे. सप्टेंबर 1857 मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली. 21 सप्टेंबरला हुमायूनच्या मकबऱ्यात जफर पकडला गेला. खटला चालला आणि 7 ऑक्टोबर 1858 च्या पहाटे त्याला दिल्लीतून कायमचे नेण्यात आले. 7 नोव्हेंबर 1862 रोजी रंगूनमध्ये तो वारला आणि तिथेच पुरला गेला.

या तारखा ओळीने मांडल्या की एक गोष्ट लक्षात येते. दिल्लीचे मोठे घाव याच ऋतूतले आहेत. शिंद्यांची हार सप्टेंबरातली, जफरची अटक सप्टेंबरातली, त्याची हद्दपारी ऑक्टोबरातली. फाळणीनंतरच्या कत्तलीही 1947 च्या सप्टेंबरातल्याच. तेव्हा हजारो मुसलमान पुराना किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्यात आसऱ्याला बसले होते. पाकिस्तानातून आलेले हिंदू-शीख निर्वासित त्याच शहरात छप्पर शोधत होते. निळे आभाळ, मोकळी हवा सगळ्यांच्या डोक्यावर सारखीच होती.

गांधीजी आणि उरूस

त्या दंगलीत मेहरौलीचा दर्गाही वाचला नाही. मुसलमानांना वस्ती सोडावी लागली, दर्ग्याची नासधूस झाली. 13 जानेवारी 1948 रोजी गांधीजींनी दिल्लीत शेवटचे उपोषण सुरू केले. ते सोडण्यासाठी शहराच्या पुढाऱ्यांनी जी आश्वासने लिहून दिली, त्यांत ख्वाजा बख्तियारांचा उरूस पूर्वीसारखाच निर्धास्तपणे भरेल, हे एक होते. 18 जानेवारीला उपोषण सुटले. 27 जानेवारीला गांधीजी स्वतः उरुसाला मेहरौलीत गेले. तिथे हिंदू आणि शीखही आले होते. त्यानंतर तीनच दिवसांनी त्यांची हत्या झाली.

देश पेटलेला असताना एका दर्ग्याच्या उरुसाची अट गांधीजींना का महत्त्वाची वाटली असेल? मला वाटते, माणूस शहरात नुसत्या घराने राहत नाही. त्याची जत्रा, त्याचा उरूस, त्याच्या पाणवठ्यावर बसायची जागा सुरक्षित असेल, तरच तो तिथला असतो. घर परत मिळाले आणि उरूस बंद झाला, तर तो त्याच शहरात पाहुणा होतो.

इंग्रजांनाही हे कळले होते. 1942 च्या चळवळीच्या काळात त्यांनी फूलवालों की सैर बंद पाडली होती. ती जवळजवळ वीस वर्षे बंदच राहिली. 1961-62 मध्ये जवाहरलाल नेहरूंनी दिल्लीकरांना ती पुन्हा सुरू करायला सांगितले आणि ते स्वतः आले. नंतर वेगवेगळ्या राज्यांचे पंखेही सैरीत येऊ लागले. झरन्याचे पाणी आता आटले आहे, आमराई घरांखाली गेली आहे. तरी फुलांचे छत्र योगमायेला जाते, चादर ख्वाजांना जाते, मिरवणुकीत शहनाई वाजते.

जुन्या दिल्लीचे गोडवे गाताना पूर्वी सारे गुण्यागोविंदानेच नांदत होते, असे म्हणायचा मोह होतो. तसे काही नव्हते. भांडणे तेव्हाही होती, कुर्बानीवरून कुरबुरी होत्या. 1857 च्या वेढ्यात बकरी ईदला गोहत्येवर जफरला बंदी घालावी लागली, ती शहर फुटू नये म्हणूनच. सैरीचे मोल यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. भांडण होऊ शकते हे ठाऊक असलेल्या लोकांनी वर्षातले तीन दिवस एकत्र चालायचे ठरवले आणि ते पाळले.

म्हणून मला ही दिल्ली आवडते. लाल किल्ल्यावर कोणाचे निशाण होते, यावर आपण पुष्कळ लिहिले आणि भांडलो. मराठ्यांचे होते, मुघलांचे होते, इंग्रजांचे होते, सगळी उतरली. फूलवाले, शहनाईवाले आणि त्यांच्यामागे चालणारे यांच्या हाती कधीच निशाण नव्हते. त्यांच्या हाती दोन दिवसांत कोमेजणारा एक पंखा होता, आणि तो पुढच्या वर्षी पुन्हा विणावा लागत होता. ऑक्टोबरात दिल्लीला गेलात, तर लाल किल्ला जरूर बघा. मग एक संध्याकाळ मेहरौलीसाठी राखून ठेवा. मंदिरापासून दर्ग्यापर्यंत सावकाश चाला. वाट लांब नाही.