वर्कस्टेशनची मेमरी : निवडीचा क्रम

रॅम घेताना बहुतेकांची नजर आधी वेगाच्या आकड्यावर जाते. वर्कस्टेशनसाठी हा क्रम उलटा हवा: आधी क्षमता, मग अचूकता, त्यानंतर चॅनल आणि सर्वांत शेवटी वेग.

१. क्षमता

रॅम अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टिम काही डेटा एसएसडीवर हलवते. रॅममधून डेटा मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीला त्याच्या शेकडो पट वेळ लागतो. रॅमच्या वेगातला कोणताही फरक ही तफावत भरून काढू शकत नाही, म्हणून क्षमता पहिली.

गरज हिशेबाने काढता येते. २०,००० × २०,००० पिक्सेलची, चार पट्ट्यांची, १६ बिटांची उपग्रह-प्रतिमा घेऊ. ४० कोटी पिक्सेल, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ३.२ जीबी. आकडेमोडीसाठी ती ३२ बिटांत नेली की ६.४ जीबी. मूळ, मधली आणि अंतिम अशा तीन प्रती एकाच वेळी मेमरीत राहिल्या तर १९.२ जीबी. येथे १६ जीबी अपुरे, ३२ जीबी जेमतेम आणि ६४ जीबी निर्धास्त.

सर्वांत जड काम चालू असताना या हिशेबाचा पडताळा घ्यावा. लिनक्सवर ‘फ्री’ नव्हे, ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा. रिकामी मेमरी सिस्टिम कॅशसाठी वापरत असल्याने पहिला आकडा विनाकारण घाबरवतो.

२. अचूकता

डीरॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभारावर टिकतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचलेली ही रचना आजही कायम आहे. हा भार सतत गळतो, पुन्हा भरावा लागतो आणि क्वचित बिघडतोही. बेल्जियममधल्या स्कारबेक येथे २००३च्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त दिसली. ४,०९६ म्हणजे २चा १२वा घात. त्यामुळे एकच बिट उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. गूगलच्या सर्व्हरवरील २००९च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या.

ईसीसी मेमरी रूढ पद्धतीत ६४ बिटांमागे ८ तपासणी-बिट ठेवते. एक चुकलेला बिट दुरुस्त करते, दोन चुकले तर इशारा देते. डीडीआर५ चिपमध्ये अंगभूत दुरुस्ती असते, पण ती चिपच्या आतली. प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक तिला कळत नाही. रात्रंदिवस चालणारी संशोधनाची किंवा हिशेबाची कामे असतील तर पूर्ण ईसीसीच घ्यावी. मात्र प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोन्हींचाही तिला आधार हवा.

३. चॅनल

डीडीआर५-५२०० चा एक चॅनल सेकंदाला ४१.६ जीबी डेटा वाहतो. नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरला असे दोन चॅनल असतात, थ्रेडरिपर प्रो ७००० मालिकेला आठ. आठ चॅनलच्या यंत्रात दोनच मॉड्यूल बसवले तर क्षमता मिळते, पण तीन-चतुर्थांश मार्ग बंदच राहतात. म्हणून एकसारखी मॉड्यूल चॅनलच्या संख्येइतकी घ्यावीत.

४. वेग

पाकिटावरचा मोठा आकडा एकटा पुरेसा नाही. विलंब म्हणजे सीएलही पाहावा. डीडीआर४-३२०० सीएल१६ आणि डीडीआर५-६००० सीएल३० या दोन्हींचा विलंब १० नॅनोसेकंदच येतो. डीडीआर५-४८०० सीएल४०चा मात्र १६.७. त्यातही एक्सएमपी किंवा एक्स्पो या प्रोफाइलवर मिळणारा जादा वेग म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच. जिथे अचूकता महत्त्वाची, तिथे प्रोसेसरच्या अधिकृत वेगावर थांबणे शहाणपणाचे.

५. अपग्रेड

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिन असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. यूडीआयएमएम आणि आरडीआयएमएम या मॉड्यूलच्या प्रकारांचीही सरमिसळ चालत नाही.

मोकळे स्लॉट पुढे भरू, हा बेतही तपासून घ्यावा. रायझन ७९५०एक्स प्रोसेसरचा अधिकृत वेग दोन मॉड्यूलवर ५२००, तर चार मॉड्यूलवर ३६०० आहे. अशा यंत्रात १६ जीबीची चार मॉड्यूल घेण्यापेक्षा ३२ जीबीची दोन सरस. जुन्या जोडीत वेगळ्या बनावटीची भर घालण्याऐवजी एकत्र विकला जाणारा संच घ्यावा आणि जुना काढून ठेवावा.

नवी मेमरी बसवल्यावर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. एकही चूक दिसली तर मॉड्यूल वॉरंटीत परत करावे. सदोष मेमरी डेटा गुपचूप बिघडवते, आणि तोच बिघडलेला डेटा पुढे बॅकअपमध्येही जातो.