कोतवाल बुक, ताम्रपट आणि पेन ड्राइव्ह

2023 च्या अखेरीस आमच्या बुलढाणा जिल्ह्यातही घरोघरी एकच शोध चालू होता: पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय? न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाची व्याप्ती राज्यभर वाढली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली. ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. तो मिळतो कुठे? शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, जुन्या जमीन नोंदींत किंवा कोतवाल बुकात. कोतवाल म्हणजे गावकीतला सगळ्यात लहान नोकर. कुणाच्या घरी पोर झालं, कोण गेलं, एवढंच त्या वहीत असतं. आज त्याच एका ओळीवर एखाद्या पोरीचं ॲडमिशन अडतं.

मला इथे आरक्षणाचा वाद सोडवायचा नाही. मला पडलेला प्रश्न असा, की हे कागद टिकले कसे? आणि आज आपली शाळा, पतसंस्था, वाचनालय जे साठवतंय, ते 2090 मध्ये सापडेल का?

महसूल खात्याचं उत्तर साधं आहे. सगळंच जपायचं नाही. कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करायची. ‘अ’ कायमचा, ‘ड’ वर्षभराचा. काय टाकायचं हे ज्याला ठरवता येतं, त्यालाच काय ठेवायचं ते कळतं.

त्याहून जुनं उत्तर शेजारच्या वाशिमला आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट तिथे 1939 मध्ये उजेडात आला. दानपत्र चौथ्या शतकातलं. अशा ताम्रपटांचे पत्रे बहुधा कडीत ओवलेले असत, म्हणजे एखादा गळू नये. कडीवर राजमुद्रा, म्हणजे कुणी बदलू नये. आज फाइलला ‘चेकसम’ लावतात तो याच हेतूने: एक अक्षर जरी बदललं तरी कळावं.

पण तांबं टिकलं म्हणून मजकूर टिकत नाही. तो वाचायला लिपीतज्ज्ञ लागले. 2023 मध्येही मोडी वाचणाऱ्यांना शोधावं लागलं, कारण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली. आपल्या कॉम्प्युटरमध्ये तेच झालंय. युनिकोडच्या आधी श्रीलिपी, कृतीदेव अशा फॉन्टांत टाइप केलेली फाइल आज उघडा. फॉन्ट नसेल तर समोर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. फाइल शाबूत, मजकूर गायब. मोडीला स्वतः युनिकोडमध्ये जागा मिळाली ती 2014 मध्ये.

म्हणून कुठल्याही संस्थेने ‘कोणती हार्ड डिस्क घेऊ?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी ठरवावं, कायमचं काय. मग तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. मजकूर युनिकोडमध्ये, दस्तऐवज पीडीएफ-एमध्ये. हा प्रकार 2005 पासून दीर्घकाळ जपणुकीसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, वारसा ठेवायला नाही. दर वर्षी प्रती उघडून तपासाव्यात आणि काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवाव्यात. आणि हे काम कुणाचं, त्याचं नाव ठरावात लिहावं.

कारण कोतवाल बुक काही भारी कागदामुळे टिकलं नाही. वही लिहिणं कुणाचं तरी काम होतं, ती सांभाळणं दुसऱ्या कुणाचं तरी. ही साखळी तुटली नाही, म्हणून पणजोबा सापडले.