वेणीच्या विणीचे धनी कोण?



द्वारसभांत बोलणारा माणूस आज लोकरीच्या विणकामावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. माझे शिक्षण बेताचे. जे शिकलो ते यंत्रमागाच्या खात्यात आणि संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात. परंतु मागाशी ज्याची ओळख आहे, त्याला कोणतेही वस्त्र पाहिले की एकच प्रश्न सुचतो : हे विणले कोणी, आणि त्याच्या हाती काय पडले?

अमेरिकेत लोकरीच्या विणलेल्या पांघरुणाला 'अफगाण' म्हणतात. अफगाणिस्तानच्या नावावरून हा शब्द एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. अशा पांघरुणांत वेणी घातलेल्या विणीला मोठा मान आहे. तिची युक्ती साधी आहे. सहा टाक्यांची वेणी असेल, तर पहिले तीन टाके एका जादा सुईवर काढून पुढे धरायचे, मागचे तीन आधी विणायचे आणि मग धरलेले तीन विणायचे. टाके एकमेकांना ओलांडतात आणि दोराचा पीळ दिसू लागतो. मात्र या पिळाने वीण आवळते. म्हणून टाके अधिक, लोकर अधिक आणि श्रमही अधिक.

या विणीविषयी एक कथा जगभर सांगितली जाते. आयर्लंडच्या पश्चिमेस, गॉलवेच्या उपसागराच्या मुखाशी, आरन नावाची तीन बेटे आहेत. तेथील प्रत्येक घराण्याची म्हणे स्वतःची वीण असे, आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याचे प्रेत तिच्यावरून ओळखले जाई. कथा हृदयस्पर्शी आहे, पण तिला पुरावा नाही. तिचे मूळ बहुधा सिंजच्या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या 'रायडर्स टू द सी' या नाटकात असावे. त्यात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती खरी. पण घराण्याच्या विणीवरून नव्हे, तर मोज्यात आपल्याच हातून गळालेल्या चार टाक्यांवरून! पुढे ऑक्सफर्डचा लोकर-व्यापारी हाइन्झ कीवे याने ही वीण अतिप्राचीन व धार्मिक असल्याचे सांगितले आणि १९६७ साली त्यावर पुस्तकही लिहिले. प्राचीनत्वाचा शिक्का बसला की माल खपतो, हे आपणांस नवे नाही.

वस्तुस्थिती काय होती? १८९१ साली आयर्लंडच्या दरिद्री पश्चिम किनाऱ्यासाठी सरकारने एक मंडळ नेमले. त्याने आरन बेटांवर मासेमारी वाढविण्यासाठी बाहेरचे कोळी आणि होड्या आणल्या. हे कोळी घालीत ती गडद निळी, घट्ट विणीची बंडी ब्रिटनच्या किनाऱ्यावर आधीपासून प्रचारात होती. दोर, शिडी, नांगर अशा नक्ष्या तिच्यावर असत. आरनच्या स्त्रियांनी तिच्यात भर घालून आपली पांढरी बंडी घडविली, ती विसाव्या शतकाच्या आरंभी, असे अभ्यासकांचे मत आहे.

मग या नक्ष्या किनाऱ्याकिनाऱ्याने फिरविल्या कोणी? त्यात मोठा वाटा होता तो हेरिंग मासळी साफ करणाऱ्या मजूर मुलींचा. स्कॉटलंड, हेब्रिडीज बेटे आणि आयर्लंडचे डोनेगल येथून त्या निघत. उन्हाळ्यात शेटलंड, शरदात इंग्लंडचे यार्मथ आणि लोव्हेस्टॉफ्ट. मासळीचे थवे जातील तिकडे त्या जात. हंगामापूर्वी व्यापारी आगाऊ रक्कम देऊन त्यांना बांधून घेई. आपल्या ऊसतोड मजुरांची 'उचल' ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको. तिघींची एक टोळी : दोघी मासळी चिरणार, तिसरी मीठ लावून पिंपात रचणार. मजुरी पिंपावर. सुरी आणि मीठ यांपासून बचाव म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असत.

होड्या येईपर्यंतच्या वेळात मात्र या मुली विणीत. कमरेच्या चामडी पट्ट्यात एक सुई खोचलेली, म्हणून चालतानाही हात चालू. एकमेकींच्या नक्ष्या त्या नुसत्या पाहून उचलीत. नमुने छापलेले नव्हते. ग्लॅडिस थॉम्पसन यांनी किनाऱ्यावर हिंडून ते जमविले आणि त्यांचे पुस्तक निघाले ते १९५५ साली. तोवर ही विद्या हातांतून हातांत गेली आणि तिच्यावर कोणी मालकी सांगितली नाही.

पण याच मुलींनी १९३६ च्या हंगामात यार्मथ बंदरात मजुरीवाढीसाठी संप केला. आणि कीवेच्याच सांगण्याप्रमाणे त्याला डब्लिनमध्ये ती पांढरी बंडी प्रथम दिसली, तीही १९३६ सालीच. बंडीची दंतकथा झाली. संप फारसा कोणाला ठाऊक नाही.

माझी आई एका दुकानदारासाठी स्वेटर विणी. तो लोकर तोलून देई, स्वेटर तोलून घेई आणि थोडी तूट आली की मजुरी कापी. तिने त्याच्याशी भांडण केले, ते मी दाराआडून ऐकले आहे. पण त्याच संध्याकाळी शेजारणीला नवी वीण शिकविताना तिने मोबदल्याचा शब्द काढला नाही. लहानपणी मला यात विसंगती वाटे. आज वाटत नाही. विद्या वाटायची असते. श्रम मात्र फुकट द्यायचे नसतात. यार्मथच्या मुलींना हे दोन्ही कळत होते.

तेव्हा वेणीची वीण कोणा घराण्याची नाही. ती हजारो निनावी बायांची आहे. आपल्या घरी कोणी असे पांघरूण विणीत असेल, तर त्या विणीचे कौतुक जरूर करा. पण ते विकत घेताना तिच्या तासांचा हिशेबही मांडा. मग ती ऊब खरी आपली म्हणता येईल.