मृत्युपत्र नावाची नवी सवय

"मृत्युपत्र केलंय का?" असं घरात विचारून बघा. जणू तुम्ही कुणाच्या मरणावर टपून बसलाय, अशा नजरेने लोक बघतात! मंडळी, यामागे इतिहास आहे.

साधारण 1100 च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. तिच्यानुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क. म्हणजे तिथे बापाच्या मर्जीला जागाच नाही, मग मृत्युपत्र कशाला? एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने द्यायची मुभा 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने दिली. मुलींना जन्मतः हक्क महाराष्ट्रात 1994 साली मिळाला, तोही तोवर लग्न न झालेल्यांनाच. सरसकट सगळ्या मुलींना तो मिळायला 2005 उजाडलं.

आपला फ्लॅट, शेअर्स मात्र स्वकष्टाचे. तिथे जन्मतः हक्क कुणाचाच नाही, म्हणून तुमची इच्छा लिहून ठेवणं महत्त्वाचं. "नॉमिनी लावलाय की!" हे पुरत नाही. शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये स्पष्ट केलंय.

लागतं काय? साधा कागद, तुमची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. स्टँप नको, नोंदणी ऐच्छिक. एका रविवारचं काम आहे. आई-बाबांशी बोला, आणि स्वतःचंही करा.